गालातली हवा

"तुम्ही त्या लेकराला बरी म्हणालात! पाठीवर थाप मारलीत, जा आता घरी, खेळ मजेत, म्हणालात. ती बरी नव्हती. तुम्हाला कळलं नाही, हे मी एक वेळ समजून घेईन, माणूस आहे, चुकतो. पण तुम्ही बघितलंच नाहीत. न बघता बोललात, आणि दर वेळी आम्ही ह्या दारात आलो की तेच ऐकवत राहिलात!"

दार बंदच होतं. दारावरची पितळी पाटी चकचकीत पुसलेली होती. पाटीखाली साहेबांच्या, म्हणजे फुगीच्या जुन्या डॉक्टरांच्या, भेटीची वेळ लिहिलेली होती. ती साहेब सोडून सगळे पाळत.

"अगं ठिणगे, आत कुणी नाहीये," दादा म्हणाला.

"माहितीये. रंगीत तालीम चाललीय माझी."

"साहेब उद्या येणार, असं शिपायानं सांगितलं ना?"

"मग उद्या खरा प्रयोग."

लहानपणी भट्टीपाशी खेळताना फ्रॉक जाळून घेतला तेव्हापासून तिचं नाव ठिणगी पडलं, ते भाची मोठी झाली तरी सुटलं नव्हतं. प्रयोगशाळांना लागणारं काचसामान बनवायचा घरचा कारखाना. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, खालोखाल बर्नरवर हात बसलेला तिचाच. तोंडाचा मात्र काही भरवसा नाही, असं अप्पा गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवत.

बाकावर सगळी वरात बसली होती. अप्पा काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. शेजारी काकू, म्हणजे अप्पांच्या दिवंगत भावाची बायको, पिशवीत पाण्याची बाटली, शाल, पंखा असं सगळं घेऊन आलेली, जणू मुक्कामच करायचाय. टोकाला वहिनी, गप्प. आणि वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून तिची लेक फुगी, जिच्यासाठी हे सगळं.

एवढ्या जणांनी यायचं कारण नव्या डॉक्टरीणबाई. इस्पितळात त्या अलीकडेच आल्या होत्या, लहान मुलांच्या फुप्फुसांच्या तज्ज्ञ म्हणून. मागच्या भेटीत वहिनी एक सांगत होती, दादा दुसरं, आणि फोनवरून अप्पा तिसरंच. तेव्हा बाईंनी हात जोडले होते. "हिच्या फुप्फुसांबद्दल घरात ज्याचं ज्याचं मत आहे, त्या सगळ्यांना एकदाच घेऊन या."

"मग शेजारपाजारही आणायला हवा होता," काकू म्हणाली. "त्यांची मतं आपल्यापेक्षा पक्की आहेत."

फुगी हसली आणि हसता हसता खोकली. खोकला संपला तरी छाती काही वेळ वरखाली होत राहिली. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. ह्या घराला ती सवयच लागली होती.

फुगी दूधपिती होती तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या पोरांना चार दिवस नाक वाहून, डोळे लाल होऊन सोडून देणारा एक विषाणू, तो हिच्या छातीत उतरला. ऑक्सिजन, नळ्या, यंत्रं, आणि काचेपलीकडे उभी असलेली वहिनी. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नाही. मग एके सकाळी साहेब म्हणाले, बरी झाली. घरी आणली. तेव्हापासून फुगी अर्धा जिना चढून बसायची. धावता धावता मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायची, आणि नाडी सुटलेली नसायची. साहेब म्हणाले, दमा आहे, वाढत्या वयात जाईल. छातीचा फोटो काढला की स्वच्छ यायचा.

एकटी वहिनी सांगायची, "श्वास घेताना नाही हो, सोडताना अडतो तिचा." पण वहिनीचं कोण ऐकणार? कारण अप्पांकडे पुरावा होता.

पुरावा रोज सकाळी न्याहारीच्या आधी व्हायचा. बाटलीत पाणी, पाण्यात वाकडी काचेची नळी, नळीच्या टोकाला फुगी. फुंकीवर पोट भरणारं हे घर. आजारी माणसाची फुंक तुटते, बुडबुडे थांबून थांबून येतात, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि फुगीचे बुडबुडे एकसारखे, ओवल्यासारखे वर यायचे. अप्पा काठी आपटून म्हणायचे, "बघा! ही काय अधू पोरीची फुंक आहे? आपलं रक्त आहे ते!" साहेबांना हे सांगितलं की साहेबही खूश. "मग प्रश्नच मिटला, आजोबा." दोघांचं छान जमलं होतं. साहेब तिला 'फुंकवाली पोर' म्हणायचे.

आज तो प्रश्न पुन्हा निघाला, तपासणीच्या खोलीत.

*

खोली लहान, भिंतीवर जिराफ. मध्ये एक यंत्र, त्याला तोंडात धरायची नळी. तपासणी करणाऱ्या बाईनं फुगीच्या नाकाला चिमटा लावला. काकू पुटपुटली, "कपडे वाळत घालायचेत की काय पोरीला?"

"आता खूप मोठा श्वास घ्यायचा, आणि सगळाच्या सगळा बाहेर टाकायचा. जोरात. सोड, सोड, सोड!"

फुगीनं फुंकलं. पडद्यावरची रेघ जराशी वर गेली आणि कलंडली. बाईनं रेघेकडे पाहिलं, मग फुगीच्या तोंडाकडे. चिमटा काढला.

"तू गालांनी फुंकतेयस, बाळा."

"हो," फुगी अभिमानानं म्हणाली. "गालात हवा भरायची, नाकानं श्वास चालू ठेवायचा, आणि गाल थोडे थोडे दाबायचे. म्हणजे फुंक तुटत नाही. तुम्ही नाक बंद केलंत म्हणून मला येईना."

"कुणी शिकवलं हे?"

"आत्यानं."

ठिणगीला वाटलं, खोलीतली हवा कुणीतरी ओढून घेतली. काचकामातलं पहिलं कसब ते. छातीची फुंक आडदांड, पातळ काच तिनं फाटते. म्हणून हवा गालात साठवायची आणि जिभेनं, गालानं मोजून सोडायची. आतला श्वास आपला वेगळा चालू. दादाला हे जमायला वर्ष लागलं होतं. फुगी बाकावर बसून आत्याचं तोंड बघत बघत खेळता खेळता शिकली. किती कौतुक केलं होतं! सगळ्या कारखान्याला बोलावून दाखवलं होतं.

म्हणजे रोज सकाळी त्या बाटलीतून जे वर यायचं, ते फुप्फुसातून येतच नव्हतं. गालातली हवा.

बाईनं आपले दोन्ही तळवे फुगीच्या गालांवर ठेवले, हळूच दाबून धरले. "आता गाल माझे. तुझी फक्त छाती. सोड."

फुगीनं सोडला. फुंकर कसली, सुस्कारा. रेघ उठली न उठली आणि बसली. पण श्वास संपला नव्हता. तो येत होता, येतच होता, बारीक, शिट्टीसारखा, कुठल्यातरी चिंचोळ्या वाटेनं निघणाऱ्या माणसासारखा. फुगीचा चेहरा लाल झाला तरी संपेना.

अप्पांची काठी जमिनीवर पडली. ती कुणीच उचलली नाही.

वहिनी आता बोलेल, असं ठिणगीला वाटलं. बोलायचा हक्कच होता तिचा. वहिनी फक्त पुढे गेली आणि पोरीच्या नाकावरचा चिमट्याचा वळ चोळू लागली.

*

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. मोठ्या यंत्रात झोपवून काढलेली, छातीचे आडवे काप. "डावीकडचं श्वास घेतल्यावरचं. उजवीकडचं श्वास सोडल्यावरचं."

डावीकडे सगळं कसं एकसारखं, करडं, शहाणं.

"आणि हे उजवीकडचं. निरोगी फुप्फुसातनं हवा निघून गेली की ते आक्रसतं, ह्या चित्रात सगळं उजळ दिसतं. हिचं बघा."

उंचावरून रान बघावं आणि त्यावर ढगांच्या सावल्या पडलेल्या असाव्यात तसं ते दिसत होतं. काही तुकडे उजळलेले. काही काळेच्या काळे, कडा कातरल्यासारख्या.

"जिथे काळं राहिलंय तिथली हवा बाहेरच आलेली नाही. अडकून पडलीय."

अप्पा उठले. काठी न घेता पडद्यापाशी गेले. नाक लागेल इतके जवळ. "काळी खिडकी," ते म्हणाले.

"काय म्हणालात, आजोबा?"

ठिणगीनं सांगितलं. कारखान्यात दोन काळ्या काचांमध्ये दिवा लावलेला असतो. नवी घडवलेली वस्तू नुसत्या डोळ्यांना नितळ दिसते. त्या दोन काचांमध्ये धरली, की आत कुठे ताण राहून गेलाय तिथे रंगांचे पट्टे उमटतात. जिथे पट्टा, तिथे आज ना उद्या तडा. "अप्पा काळ्या खिडकीतून बघितल्याशिवाय एक नळी बाहेर जाऊ देत नाहीत."

"मग हीसुद्धा काळी खिडकीच," बाई म्हणाल्या. "फक्त इथे दिवा लावून भागत नाही. माणसाला श्वास सोडायला सांगावं लागतं."

"पण विषाणू तर केव्हाच गेला," दादा म्हणाला. "घरी सोडताना तपासलं तेव्हा नव्हताच."

"गेला. पूर्ण गेला. हे त्याचं काम नाहीच." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे तिच्या स्वतःच्या शरीरानं केलंय."

फुगीनं मान वर केली. "मी काही नाही केलं."

"तू नाही गं. तुझ्या आतल्या राखणदारांनी. ऐकशील?" बाई आता तिच्याशीच बोलत होत्या, आणि मोठी माणसं चोरून ऐकल्यासारखी ऐकत होती. "श्वासाची नळी आत जाऊन फुटते. तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, शेवटी केसाएवढ्या बारीक. तिथे विषाणू घुसला. नळीच्या आतल्या अस्तरानं आरोळी ठोकली. खरीखुरी, रसायनांची आरोळी. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत आल्या. त्या रक्तातून वाहत जातात, बरोबर त्या जागी थांबतात, भिंतीतून पिळवटून बाहेर पडतात आणि लढतात. त्यांच्या पोटात विरघळवून टाकणारे रस असतात. ते त्या सोडतात. विषाणूचा ज्या पेशींत अड्डा, त्या पेशी मरतात. आणि मरता मरता ह्या पांढऱ्या पेशी स्वतः काय करतात? पुन्हा आरोळी. आणखी या."

"पाहुण्यांसारखं आहे," काकू म्हणाली. "एकाला बोलवावं, त्यानं आपलं खटलं आणावं."

"अगदी. पण बहुतेक पोरांमध्ये काम झालं की दुसरा इशारा होतो, झालं, निघा. पेशी शांतपणे मरतात, दुसऱ्या पेशी येऊन त्यांना गिळून जागा झाडून घेतात. मागे खूणही उरत नाही. आपण त्याला सर्दी बरी झाली म्हणतो आणि विसरून जातो. पण मी तुम्हाला सांगते, इतकी वर्षं मी हे शिकतेय आणि मला अजून अंगावर काटा येतो. एवढं सैन्य येतं, लढतं, आणि आपलं आपण घरी जातं."

"आणि हिचं?"

"हिचं गेलं नाही. शत्रू गेला, आरोळी चालू राहिली. रस सांडत राहिले, अस्तर खरवडत राहिलं. मग दुरुस्ती करणाऱ्या पेशी आल्या. त्यांनी खरवडलेल्या जागी लिंपण घातलं. पुन्हा खरवडलं, पुन्हा लिंपलं. केसाएवढी नळी ती, किती थर मावणार? काही बुजल्या. काही अर्ध्या बुजल्यात. अर्ध्या नळीतून हवा ओढून आत घेता येते, कारण श्वास घेताना छाती फुलते, नळ्या ताणून उघडतात. सोडताना त्या मिटतात."

"सोडताना," वहिनी म्हणाली. सगळ्या खोलीत तो एकच शब्द.

"हो. सोडताना."

ठिणगीला रागावता येईना, आणि ते तिला नवीन होतं. रागवायचं कुणावर? चोर नव्हता. घरात आग लावणारा कुणी नव्हता. लेकराला वाचवायला जे धावून आले, त्यांनीच आज तिचा श्वास धरून ठेवला होता. आणि हे सगळं ह्या एवढ्याशा छातीत, पोरगी चित्रं काढत असताना, नाडी बांधायचं सोंग करत असताना.

"एका पोराचं सैन्य जातं, दुसऱ्याचं जात नाही. असं का?" तिनं विचारलं.

"नक्की कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही," बाई सरळ म्हणाल्या. "थोडं कळलंय. पुष्कळ बाकी आहे."

मग औषधाचं निघालं. महिन्यातून एकदा, काही दिवस लागोपाठ, शिरेतून. आरोळीच दाबून टाकणारं. असे काही महिने. तेवढ्या काळात शाळा नाही, गर्दी नाही, कारण राखणदार झोपलेले असताना दुसरा कुणी घुसू शकतो.

दादा उभाच राहिला. "एकदा तिला विषाणूनं नेलीच होती. मी काचेपलीकडे उभा राहून बघितलंय. आणि तुम्ही म्हणता, पहारा उठवा?"

"धोका आहे. मी लपवणार नाही."

"फायद्याची हमी?"

"नाही. बुजलेली नळी परत उघडत नाही. अर्धवट आहेत त्या वाचवायच्या आहेत. लवकर झालं असतं तर जास्त वाचल्या असत्या." बाई थांबल्या. "पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. ही लहान आहे. फुप्फुस जन्मताना पुरं झालेलं नसतं. हवेचे नवे कप्पे पुढे कितीतरी वर्षं होत राहतात. आत्तासुद्धा होतायत, ही इथे पाय हलवत बसलीय तेव्हा. जेवढं उघडं राहील तेवढं वाढेल. म्हणून उघडं ठेवायचं."

फुगीनं पाय हलवायचे थांबवले आणि आपल्याच छातीकडे पाहिलं. काकूला बोलायला काही सुचलं नाही. हे घराण्याच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

"उद्या सकाळी खाट रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "घरी बोला. पण सगळे एकदम नका."

*

सगळे एकदमच बोलले. कारखान्यात, दुपारच्या उन्हात, बर्नर बंद ठेवून.

"मी सही देणार नाही," दादा म्हणाला. "अर्धा श्वास तर अर्धा. पोरगी आहे ना डोळ्यांसमोर?"

"अर्धा आज आहे. पुढल्या वर्षी किती?" ठिणगी म्हणाली.

"तू गप्प बस. गालांनी फुंकायला तूच शिकवलंस."

ते लागलं. लागावं म्हणूनच फेकलेलं होतं. काकू मध्ये पडली, "अरे, तिनं कसब शिकवलं, आजार नाही! मग त्या साहेबानं काय शिकवलं? अप्पा, तुम्ही तरी बोला."

अप्पा आपल्या स्टुलावर बसले होते. सकाळची बाटली आणि वाकडी नळी अजून खिडकीत होती. ते तिच्याकडे बघत होते. एरवी असा वाद झाला की अप्पा आणि ठिणगी एका बाजूला, दादा मध्ये आणि वहिनी एकटी समोर. आज अप्पांनी मान हलवली. "मी आजवर बोललो तेवढं पुष्कळ झालं. सूनबाईला विचारा."

वहिनीला कुणी विचारायची सवय नव्हती, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. ती म्हणाली, "मला भीती वाटते. ह्यांना वाटते तेवढीच." मग नवऱ्याकडे पाहून, "पण तिचा श्वास मी रोज ऐकते. तो बारीक होत चाललाय. तुम्ही चेहरा बघता, मी ऐकते."

ठिणगी उठून वहिनीच्या बाकावर जाऊन बसली. एवढंच केलं तिनं. पण ह्या घरात कोण कुठे बसतं ह्याला अर्थ होता, आणि दादाला तो कळला.

तो पाठमोरा झाला. समोर भिंतीवर, दोरीला लटकलेला, 'दादाचा पराक्रम' होता. वाफ थंड करायची, वळ्यावळ्यांची काचेची नळी. विशीतल्या दादानं दुरुस्त केलेली. एका वळ्यावर तडा होता, त्यावर त्यानं काच चढवली. मग आणखी थोडी, पक्की व्हावी म्हणून. मग आणखी, सुबक दिसावी म्हणून. बाहेरून असा जोड साऱ्या कारखान्यात कुणी केला नव्हता. गिऱ्हाइकानं पाणी सोडलं तर थेंब पलीकडे जाईना. अप्पांनी ती भिंतीवर टांगली, आणि कुणी जास्त शहाणपणा केला की काकू नुसतं तिकडे बोट दाखवायची.

दादानं ती खाली काढली. धूळ पुसली. एक टोक ओठांना लावलं आणि फुंकलं. त्याचे गाल फुगले, टम्म, आणि तसेच राहिले. पलीकडून काहीच आलं नाही.

"मी किती वेळा आच दिली होती हिला?" त्यानं न वळता विचारलं.

"तडा पहिल्याच आचेत बुजला होता," अप्पा म्हणाले. "तुझं मन भरत नव्हतं."

"मी चांगलंच करत होतो, अप्पा."

"हो रे. म्हणून तर टांगून ठेवलीय. वाईट कामं आपण फेकून देतो."

दादा त्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला. उन्हात तो जोड इतका देखणा दिसत होता, की ठिणगीला आज पहिल्यांदा त्याच्यापुढे गप्प राहावंसं वाटलं. किती जीव ओतला होता त्यात! आतून तो जीवच अडला होता.

फुगी बापाजवळ गेली, नळी हातात घेतली, उन्हाकडे धरून त्या बंद जागेत डोळा लावून बघितलं.

"बाबा, माझ्या आतलेपण असंच करतायत?"

"हं."

"त्यांना वाटतं अजून तुटलंय?"

"बहुतेक."

"मग त्यांना कुणी सांगितलं का नाही, की झालं म्हणून?"

दादानं तिला उचलली. एवढी मोठी झालेली, पाय लोंबत होते. तिचा श्वास त्याच्या मानेवर सुटत होता, बारीक, लांब, संपता न संपणारा. तो कान देऊन ऐकत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत नव्हता, ऐकत होता.

"उद्या सांगू," तो म्हणाला.

*

सकाळी सलाईनची पिशवी लागली. थेंब पडू लागले. फुगीनं त्यांच्याकडे बघून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ह्यातला कुठला थेंब सांगणार त्यांना?" बाई म्हणाल्या, "सगळे मिळून." काकू खाटेशी पंखा घेऊन बसली. गरज नसताना.

साहेब जिन्यावरून आले तेव्हा बाकीचे त्यांच्या दारातच उभे होते. मागे शिकाऊ डॉक्टरांचा ताफा. साहेबांनी अप्पांना ओळखलं, चेहरा खुलला.

"काय आजोबा! फुंकवाली पोर कशी आहे?"

ठिणगीनं श्वास भरून घेतला. सगळी वाक्यं पाठ होती. पण अप्पांनी काठी आडवी धरली.

"वॉर्डात दाखल आहे, साहेब. आमचं चुकलं," ते म्हणाले. "आम्ही गालातली हवा बघून खूश होत राहिलो. आम्ही काचवाले. आम्हाला बाहेरून दिसतं तेवढंच."

"अहो, तुमचं काय चुकलं त्यात? आजारच फसवा. फोटो दर वेळी स्वच्छ होता. मी स्वतः बघितलाय." साहेबांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे वळायला सुरुवातही केली.

तेवढ्यात वहिनी पुढे झाली. ठिणगी तिच्यासाठी बाजूला सरली, आणि आपली तालीम फुकट गेल्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत वहिनी साहेबांच्या नजरेला नजर देऊन बोलली नव्हती. आजही आवाज हळूच होता. पण जिन्यापर्यंत पोचला.

"साहेब, ह्याच दारात मी सांगितलं होतं. श्वास घेताना नाही, सोडताना अडतो तिचा. तुम्ही हसलात. आई फार काळजी करते, म्हणालात, आणि फोटो काढायला पाठवलंत. त्या खोलीत मीच तिला धरून उभी असायचे. दर वेळी आतून आवाज यायचा, मोठा श्वास घे, धरून ठेव. ती धरून ठेवायची. शहाणी आहे माझी पोर, कोण काय सांगेल ते करते. धरून ठेव म्हटलं तर धरून ठेवायची, आणि फोटो स्वच्छ यायचा."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकीनं मान खाली घातली. साहेबांचा हात कडीवर होता.

"तुमच्यावर चिडायला मी आले नाही. तिच्या आत जे चाललं होतं ते मी काल बघितलं, ते बघून चिडायलाही होत नाही मला. मला फक्त एक विचारायचंय. इतकी वर्षं तुम्ही तिला श्वास घे म्हणालात. सोड, असं म्हणून, ती सोडत असताना, तुम्ही एकदा तरी तिच्याकडे बघितलं होतं का?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. वहिनी दारातून हलली नाही. तिच्या एका बाजूला दादा येऊन उभा राहिला, दुसऱ्या बाजूला ठिणगी, आणि मागे अप्पांची काठी फरशीवर टेकली.

"हो की नाही, साहेब? आम्ही थांबलोय. सांगा."